घर राखायला कुशी

आमचं घर कधी रिकामं राहिलं नाही. म्हणजे घरात माणसं फार होती असं नव्हे. आई, आबा, थोरली बहीण विमल आणि मी, एवढीच. पण आबा पटवेकरी. गुजरीतल्या सराफांकडून, आजूबाजूच्या गावांतल्या घरांतून सुटे मणी, पुतळ्या, साजाची पानं त्यांच्याकडं यायची. ती रेशमात गाठवून माळ, साज, ठुशी करून द्यायची हा त्यांचा धंदा. आईच्या गळ्यातलं डोरलं सोडलं तर आमच्या कुणाच्या अंगावर सोन्याचा कण नव्हता, पण लोकांचं सोनं रोज आमच्या छपराखाली वस्तीला असायचं. त्यामुळं जत्रा म्हणा, लग्न म्हणा, बाकीची आळी दाराला कडी-कुलूप घालून निघायची आणि आमच्याकडं मात्र एक माणूस मागं ठेवावं लागायचं. ते माणूस मी. निघताना आई पदर नीट करत शेजारणीला सांगायची, "कुशी हाय की घरात. कुलपापरास बरी." तिला ते कौतुक वाटायचं. मला कुलूप व्हायचं नव्हतं.

घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात, दोन खणांचं. पुढच्या खणात आबांची बैठक. भिंतीला पाठ लावून, एक पाय पसरून, अंगठ्याला रेशीम अडकवून ते बसायचे आणि पीळ देताना दोरा गुणगुणल्यासारखा वाजायचा. बाहेरून तालमीतल्या जोरांचा धपधप आवाज यायचा, मागच्या बाजूनं पिठाच्या गिरणीचा. या सगळ्या आवाजांत एखादा परका आवाज मिसळला तर आबांचा हात थांबायचा. घराच्या राखणीची त्यांची एक स्वतःची रीत होती. पुढच्या दाराला कडी तर होतीच, शिवाय आतून सागवानी अडसर. मागच्या दाराला झोपताना पितळी भांड्यांची उतरंड टेकवून ठेवायची, म्हणजे दार ढकललं की सगळी आळी जागी होईल. माल ठेवायचा तो पत्र्याच्या डबीत आणि डबी ज्वारीच्या कणगीत, हात खांद्यापर्यंत घालावा लागेल इतकी खोल. उंबऱ्याबाहेर एका धिप्पाड पैलवानाच्या मापाच्या चपला कायम काढून ठेवलेल्या असत. त्या कुणाच्याच नव्हत्या. आबांनी जुन्या बाजारातून मुद्दाम आणल्या होत्या, दारावरून जाणाऱ्याला वाटावं की आत कुणी दांडगा माणूस जेवायला बसलाय. आणि मला शिकवून ठेवलं होतं की घरात एकटी असताना कुणी दार वाजवलं तर आधी आत तोंड करून मोठ्यानं हाक मारायची, "आबा, बघा जरा, कोण आलंय." मग दाराला जायचं. रिकाम्या घरात बापाला हाक मारायची मला इतकी सवय झाली होती की आबा वारल्यावरसुद्धा बरीच वर्षं दारावर थाप पडली की ती हाक ओठावर यायची. आता माझ्या मुलानं दाराला कॅमेरा बसवलाय. कोण आलं ते फोनवर दिसतं. चांगली सोय आहे, मी तक्रार करत नाही.

तर नवरात्रात सगळे पालखी बघायला गेले की मी घरी. टेंबलाईच्या जत्रेला गेले की मी घरी. रंकाळ्यावर कुणाच्या डोहाळजेवणाला नावेत बसायला गेले, तेव्हाही मी घरी. विमलला न्यावंच लागायचं, कारण ती लग्नाची झाली होती आणि लग्नाच्या मुलीनं चार बायकांच्या नजरेस पडावं लागतं, असं आई म्हणायची. तिची निघायची तयारी मी बघत बसायचे. आरशापुढं उभी राहून ती वेणीत अबोलीचा गजरा माळायची. मान जरा कलती करायची. त्या मानेला आईनं दोनदा हात लावायचा, पदर सरळ करायचा, कानामागं काजळाचं बोट टेकवायचं. माझ्या केसांवरून आईचा हात फिरायचा तो उवा बघायला. विमल वाईट नव्हती. परत येताना माझ्यासाठी पुडीत भडंग आणायची. "कुशे, तुला आणलंय बघ, शेंगदाणं जास्त घाल म्हणून सांगितलंय," म्हणायची. मी ते भडंग खायचे, तिखटानं डोळ्यांत पाणी यायचं आणि मनात म्हणायचे, जत्रा तिनं बघायची आणि जत्रेची पुडी मी खायची. माझ्यातला सगळा हेवा त्या वर्षांत साठत गेला, आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, कारण विमलनं मला कधी दुखवलंच नाही. भांडायला काही कारण दिलं असतं तर बरं झालं असतं.

संस्थान विलीन झालं त्याच्या आगेमागे विमलला कसबा बावड्याचं स्थळ आलं. पावणे बघायला यायचे होते त्या दिवशी सकाळी आबा गुजरीत गेलेले. आईनं दार लोटून घेतलं, कणगीत हात घालून डबी काढली आणि तिच्यातली मोहनमाळ विमलच्या गळ्यात घातली. शिरोळच्या एका पाटलीणबाईंची माळ होती ती, लेकीच्या लग्नासाठी नव्यानं गाठवायला दिलेली. ती गाठवताना चार संध्याकाळी रेशमाचं दुसरं टोक मी धरून बसले होते. हात आखडले तरी सोडलं नव्हतं. आईनं विमलला आरशापुढं उभं केलं, डोळे भरून बघितलं आणि "लोकाची वस्तू बाई," असं म्हणत लगेच काढून परत डबीत ठेवली. मी दारात फडकं घेऊन कपबशा पुसत होते. माझ्या गळ्याकडं आईनं बघितलंसुद्धा नाही.

दुपारी आबा परतले आणि पावणे आले. मुलाची आई मोठ्या कुंकवाची, मोकळ्या आवाजाची बाई होती. तिनं विमलला विचारलं, "म्हस पिळाय येती काय गं तुला?" विमलनं मान खाली घातली. पेठेतल्या मुलीला म्हैस कुठली पिळता येणार? मग मी आतल्या दारातून म्हणाले, "म्हस म्होरं आली की शिकंल की. तुमच्या पोराला तरी सगळं येतंय व्हय?" आईनं डोळे वटारले. आबांचा चेहरा पडला. पण ती बाई खदखदून हसली. मला जवळ बोलावलं, पाठीवर थाप मारली. "धाकटी व्हय ही? जीभ तिखट हाय पर पोरगी कामाची दिसती. वय काय हिचं?" कुणीतरी माझ्याबद्दल काही विचारायची ही पहिली वेळ. मी दिवसभर त्या थापेवरच होते. विमल तेव्हा कशी दिसत होती, हे मी पाहिलंच नाही.

स्थळ पसंत पडलं. आमचं घर लहान, म्हणून साखरपुडा बावड्यातच करू म्हणून पावण्यांनी कळवलं. मीही जाणार असं मी धरूनच चालले होते. एक परकर-पोलकं धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याची इस्त्री केली होती. आदल्या दिवशी चूल सारवताना आई म्हणाली, "कुशे, तू ऱ्हा घरात. शिरोळकरणीची माळ अजून न्हेली न्हाय." एवढ्या जत्रा गेल्या, पण हा माझ्या सख्ख्या बहिणीचा साखरपुडा होता. मी विचारलं, "शेवंतामावशी बसंल की घरात?" शेवंतामावशी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची म्हातारी विधवा, आईची मानलेली बहीण. आई नुसती म्हणाली, "तू असलीस की जिवाला घोर नसतो." सकाळी टांगा आला. आबा डोक्याला पटका बांधून पुढं बसले, आई आणि विमल मागं. विमलनं वळून माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली. टांगा बोळातून वळेपर्यंत घोड्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी आत आले, अडसर घातला आणि ते इस्त्रीचं पोलकं चुरगाळून कोपऱ्यात फेकून दिलं.

दुपारी गिरणी बंद झाली. मी भाकरी आणि दही-चटणी खाऊन कणगीला टेकून बसले होते. दार वाजलं. सवयीनं आबांना हाक मारणार, तोच बाहेरून आवाज आला, "बावड्यासनं आलोय वो. आबांनी पाठवलंय." आबा घरात नाहीत हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढं हाक मारून काय उपयोग? मी दार उघडलं. तिशीतला माणूस. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, काखेत छत्री, कपाळाला ताजा कुंकवाचा टिळा, त्यात दोन तांदूळ चिकटलेले. हातात पेढ्यांचा पुडा.

"तुम्ही धाकट्या न्हवं?" तो म्हणाला. "घ्या, तोंड गोड करा. साखरपुडा झ्याक चाललाय."

मी पुडा घेऊन दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. त्यातला एक पेढा खाल्लासुद्धा.

"आबा म्हणालं, घरात गाठवलेली माळ हाय ती घिऊन ये. नवरीचा गळा मोकळा दिसतोय, बायका कुजबुजाय लागल्यात. आबांची मान खाली झाली बघा. कार्यक्रम झाला की त्येच माघारी आणत्यात."

एखाद्याला वाटेल, मला तिथंच संशय आला असेल. मुळीच आला नाही. त्या माणसाचा शब्द न् शब्द मला खरा वाटला. आईनं ती माळ विमलच्या गळ्यात घालून पाहिलेली मी या डोळ्यांनी बघितली होती. आता बावड्यात चार बायका बोलल्या असतील, आईचा जीव राहिला नसेल, तिनं आबांना टोचलं असेल. मला सगळं चित्र दिसलं. विमल पाटावर बसली आहे, ओटी भरलेली आहे, गजरा आहे, नवं लुगडं आहे, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आहेत. एवढं सगळं असून गळा तेवढा मोकळा राहिला. आणि तो भरायला ती माळ न्यायची, जिचं रेशीम धरून माझे हात आखडले होते. आणि ती काढून कुणी द्यायची, तर मी. आतून असा काही जाळ उठला की मला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"न्हाय देत," मी म्हणाले.

"आँ?"

"माळ न्हाय देत. अक्काला सांगा, हाय तेवढ्यात भागीव म्हणावं."

तो गोंधळला. आज विचार केला की मला त्याची थोडी गंमत वाटते. त्यानं सगळ्या संशयांची उत्तरं तयार ठेवली असणार. आबांच्या पटक्याचा रंग विचारा, टांगेवाल्याचं नाव विचारा, तो तयार होता. पण बहिणीच्या गळ्यात माळ पडू नये म्हणून कुणी अडून बसेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. "अवो ताई," तो गयावया करत म्हणाला, "तुमच्या भैनीचं लगीन मोडंल अशानं."

"मोडू दे."

मग त्याचा नूर बदलला. त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला. "पोरी, शानपणा करू नगो. आन ती माळ." मला वाटलं, पावण्यांपैकी कुणी तापट माणूस आहे. तापू दे. मी सगळा जोर लावून दार ढकललं, त्याचा पाय मागं गेला, मी अडसर घातला. त्यानं बाहेरून दारावर दणके दिले. तेव्हा मात्र मी घाबरले आणि भिंतीवर मुठी मारत ओरडले, "शेवंतामावशी, ए शेवंतामावशी." म्हातारी हातात बत्ता घेऊनच बाहेर आली असावी, कारण तिचा आवाज आला, "कोण हाय रं त्यो?" आणि मग धावत गेलेल्या पावलांचा.

त्यानंतरचे तास मी कणगीपाशी कसे काढले ते सांगता येणार नाही. चोराची भीती नव्हती, कारण तो चोर होता हे मला माहीतच नव्हतं. मला भीती होती ती विमलचं लग्न मोडल्याची. तो माणूस आता बावड्याला पोचला असेल, भर बैठकीत सांगत असेल की धाकटी अशी म्हणाली. ती मोठ्या कुंकवाची बाई उठून उभी राहिली असेल. देवापुढं जाऊन मी म्हणाले, मोडू दे म्हणालो ते खरं नव्हं. आणि म्हणताना जाणवत होतं की तेव्हा ते अगदी खरं होतं. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'जातो', 'म्हणालो' असंच बोलायचो. पुढं पुण्याला राहायला गेल्यावर लोक हसायचे.)

दिवेलागणीला घुंगरं वाजली. टांग्यातून उतरणारे चेहरे मी एकेक करून निरखले. आबा हसत होते. आई हसत होती. विमलच्या ओटीत नारळ होता. मला काही कळेना. "माळ न्हाय दिली म्हणून रागावला न्हाय न्हवं?" मी विचारलं.

"कसली माळ?" आबा म्हणाले.

मी सांगितलं. आबांचा चेहरा पांढरा पडला. ते आत गेले, पटक्यासकट कणगीवर वाकले, हात खांद्यापर्यंत घातला. डबी वर आली. उघडून बघितली आणि तिथंच, ज्वारी सांडलेल्या जमिनीवर बसले. "मी कुणाला धाडलं न्हाय," ते म्हणाले. मग कोनाड्यातला पेढ्यांचा पुडा उचलून त्यांनी इतक्या वेळा उलटसुलट करून बघितला, की जणू त्यावर त्या माणसाचं नाव लिहिलंय. साखरपुड्याची बातमी आनंदाच्या भरात त्यांनी स्वतःच साऱ्या गुजरीला सांगितली होती. कुणीतरी ती ऐकून घेतली होती.

शेवंतामावशीनं बत्त्यासकट सगळी हकिकत बोळात सांगितली आणि आमचं घर माणसांनी भरून गेलं. आईनं मला पोटाशी धरलं. "माझ्या वाघिणीनं अब्रू राखली," ती सांगू लागली. माळ गेली असती तर आबांना पेठेत तोंड दाखवता आलं नसतं, हे सगळ्यांना कळत होतं. जो तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता. विमल नारळाची ओटी घेऊन दाराशी उभी होती. तिला कुणी विचारलं नाही की पावणे कसे आहेत, नवरा कसा दिसतो. थोड्या वेळानं ती आपणच आत गेली.

मीही निसटले. चुलीपुढं बसून ती नारळ फोडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "तू त्येला वळखलंस कसं?"

"वळखलं न्हाय," मी म्हणाले. दिवसभराच्या भीतीनं मला खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "मला वाटलं तूच मागितलीस."

तिचा हात थांबला. "मी मागितलीया असं वाटलं, आणि तरी दिली न्हाईस?"

"न्हाय."

"माझं लगीन मोडंल म्हणाला तरी?"

"तरी."

मला वाटलं आता ती रडेल. तिनं नारळाचं पाणी वाटीत ओतलं, वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "आज शेवंतामावशी बसणार हुती घरात. आबांनी सांगून ठेवलंतं तिला. मीच आईला म्हणालो, कुशीला नगो न्ह्यायला."

"का गं?"

"त्या बाईनं तुझं वय इचारलं," विमल म्हणाली. "तुझ्याशी हसली. माझ्याशी न्हाय हसली. मला वाटलं, तू आलीस की समदी तुझ्याकडंच बघत्याली."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या खालून काहीतरी गुदगुल्यांसारखं वर येत होतं. ही गोरी, कलत्या मानेची, गजरेवाली विमल माझा हेवा करत होती. मी तिच्याकडं पुन्हा बघितलं, तर तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "शेवंतामावशी बसली असती तर?" मी म्हणाले. विमल म्हणाली, "फडक्यात बांधून दिली असती माळ. वर च्या पाजला असता त्येला." आणि आम्ही दोघी तोंडावर पदर आणि परकर धरून हसत सुटलो. हसता हसता तिला रडू आलं, मग मलाही.

"कुशे, भाईर ये," आईची हाक आली. पलीकडच्या बोळातल्या बायका आल्या होत्या. त्यांना पहिल्यापासून ऐकायचं होतं. मी जाऊन उभी राहिले आणि सांगू लागले. टोपी, छत्री, पेढे, सगळं सांगितलं. "मग मी न्हाय म्हणालो," इथपर्यंत आले, तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, "पर पोरी, त्यो लबाड हाय ह्ये तुला कळलं कसं?" सगळ्या माझ्या तोंडाकडं बघू लागल्या. आईसुद्धा उत्सुकतेनं थांबली होती.

"हिनं त्येला इचारलं," मागून विमलचा आवाज आला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "हिनं इचारलं, अक्का कुठल्या रंगाचं लुगडं नेसलीया? त्यो म्हणाला, हिरवं. आणि मी तर जांभळं नेसलोय."

बायकांनी कौतुकानं माना हलवल्या. आमच्या घरात आजही ही हकिकत त्या लुगड्याच्या प्रश्नासकट सांगतात, आणि विमल होती तोवर तिनं ती कधी दुरुस्त केली नाही. त्या संध्याकाळी मात्र प्रश्न ऐकला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून दाराकडं गेल्या. टांग्यातून उतरल्यापासून विमलला पहिल्यांदाच कुणी नीट बघितलं. "काठ झ्याक हाय गं," एकजण म्हणाली. दुसरीनं पुढं होऊन पदर हातात घेतला आणि नवरा कसा आहे म्हणून विचारलं. विमल लाजली, मान जरा कलती केली, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटला.